एक एरर होता, बारा कसे झाले?

वाचकाचं पत्र:

मॅडम, मी बत्तीस वर्षांची आहे. सोलापुरात विडी घरकुल भागात राहते आणि एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, शिक्षण बी.कॉम. काही महिन्यांपासून सात रस्त्याजवळच्या एका क्लासला जाऊन सी लँग्वेज शिकते आहे. सर फळ्यावर लिहितात तेव्हा सगळं समजतं. घरी येऊन दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर (त्यात त्यांनी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिलीय) तेच टाइप केलं की एरर येतात. परवा कारागिरांची मजुरी काढायचा छोटा प्रोग्राम लिहिला. आधी एकच एरर आला. तो घालवला तर बारा आले. मग इथे कंस घाल, तिथे सेमिकोलन (;) घाल असं करत बसले, तर आकडा विसाच्या वर गेला. दीर पुण्यात आयटीत आहेत. ते तिकडूनच लॅपटॉपचा ताबा घेतात आणि दोन मिनिटांत चालू करून देतात. पण त्यांनी काय केलं ते मला कळत नाही, आणि परत परत विचारायला संकोच वाटतो. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हे होतंय का? मिस्टर म्हणतात, झेपत नसेल तर सोडून दे. क्लासमधली एक मुलगी म्हणते, सी सोड आणि पायथन घे, त्यात एरर येत नाहीत. आणखी एक जण म्हणतो, एरर एआयमध्ये टाकायचा आणि उत्तर घ्यायचं. मी काय करू? माझा प्रोग्राम, दिरांनी दुरुस्त केलेला प्रोग्राम आणि स्क्रीनचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर:

ताई,

तुमचा प्रोग्राम सोळा ओळींचा आहे. त्यातली प्रत्येक ओळ आणि फोटोतला प्रत्येक एरर मी वाचला. आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. त्या बारा एररच्या मागे चुका फक्त दोन आहेत. आणि एकाचे बारा झाले तेव्हा तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नव्हतं. तुम्ही एक पायरी पुढे गेला होतात.

या सदरात सगळं देवनागरीत छापतो, म्हणून तुमच्या ओळी आणि कंपायलरचे (लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) संदेश मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. स्क्रीनशी ताडून बघताना तेवढं लक्षात ठेवा.

सुरुवातीचा एकटा एरर असा होता: 'मजुरी.सी:२:१०: फेटल एरर: कोनिओ.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. त्याच्या खाली 'कंपायलेशन टर्मिनेटेड'. म्हणजे दुसऱ्या ओळीत तुम्ही जी फाइल मागितली ती या मशीनवर नाही, आणि ती नाही म्हटल्यावर कंपायलर तिथेच थांबला. तिसऱ्या ओळीपासून पुढे त्याने काहीच तपासलं नाही. तुम्ही ती ओळ काढून टाकल्यावर (आणि तेच बरोबर होतं) तो पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला आणि तिथे आधीपासून असलेलं सगळं त्याने सांगितलं. ते बारा एरर पहिल्यापासून तिथे होतेच. एररची संख्या वाढली म्हणून केलेली दुरुस्ती चुकली असं कधीच समजू नका. बरीच मंडळी नेमकी इथे घाबरतात आणि बरोबर केलेला बदल परत पुसून टाकतात.

ही फाइल आली कुठून, तेही सांगते, कारण तुमच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथे आहे. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ साली बाजारात आलं. ते डॉसवर (तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम) चालायचं. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत आणि क्लासमध्ये सी शिकवायला तेच वापरलं गेलं. निळ्या पडद्याचं ते सॉफ्टवेअर आजही काही लॅबमध्ये दिसतं. 'कोनिओ.एच', पडदा पुसणारं 'क्लियर-स्क्रीन' आणि शेवटी थांबवून धरणारं 'गेट-सीएच' ही सगळी त्या काळच्या डॉसच्या कंपायलरांची सोय. सी भाषेच्या मानकात ती नाही. तुमच्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर आहे, त्याला ती ठाऊक नाही. सरांच्या नोट्स टर्बोच्या आणि तुमचं मशीन उबुंटूचं, एवढाच हा तिढा. विंडोजवर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) वापरणाऱ्यांना 'कोनिओ.एच' सापडते, पण त्यात 'क्लियर-स्क्रीन' नसतं, त्यामुळे त्यांचा प्रोग्राम आणखी पुढे जाऊन अडकतो. तेव्हा क्लासच्या वहीतून उतरवताना या तीन गोष्टी सरळ गाळा आणि 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहा. सरांशी वाद घालायची गरज नाही. परीक्षेत त्यांना हवं तसं लिहा, घरच्या मशीनवर मशीनला कळतं तसं लिहा.

आता ते बारा एरर.

पाचव्या ओळीत तुम्ही 'इंट नग, दर' ('इंट' म्हणजे पूर्णांक) लिहिलंय आणि शेवटचा सेमिकोलन राहिलाय. सहावी ओळ 'इंट मजुरी, बोनस;'. कंपायलर पाचवी ओळ वाचून पुढे गेला. सीमध्ये ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही, ते सेमिकोलनने संपतं. त्यामुळे 'दर' नंतर स्वल्पविराम, बरोबरचं चिन्ह किंवा सेमिकोलन यापैकी काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत होता, आणि त्याला दिसलं सहाव्या ओळीतलं 'इंट'. म्हणून तो म्हणाला की 'इंट'च्या आधी यांपैकी काहीतरी अपेक्षित होतं. आकडा दिला सहाव्या ओळीचा. तुम्ही सहावी ओळ दहा वेळा वाचली असतीत तरी तिथे काहीच सापडलं नसतं. सापडणार नव्हतंच, ती ओळ बरोबर आहे.

पण त्याचं एवढ्यावर भागलं नाही. गोंधळ झाला म्हणून तो पुढचा सेमिकोलन येईपर्यंतचं सगळं सोडून पुढे गेला. त्यात 'दर' नोंदवायचा राहिला आणि सहावी ओळ आख्खीच गेली. मग अकराव्या ओळीत 'दर' आला तेव्हा तो म्हणाला, हा कोण? 'अनडिक्लेअर्ड'. बाराव्या ओळीत 'मजुरी' अनडिक्लेअर्ड, तेराव्या ओळीत 'बोनस' अनडिक्लेअर्ड. एका सेमिकोलनपायी चार एरर.

दुसरी चूक आठव्या ओळीत आहे, आणि ती तुम्हाला डोळ्यांनी दिसणं जवळजवळ अशक्य होतं. 'प्रिंटएफ' (पडद्यावर छापायची सूचना) मधलं 'नग किती' हे वाक्य तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्समधून कॉपी केलंय, हो ना? फोटो मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं. बाकीच्या ओळींतली अवतरणचिन्हं उभी सरळ आहेत, या एका ओळीतली वाकडी आहेत, उघडणारी वेगळी आणि मिटणारी वेगळी. वर्डसारखी सॉफ्टवेअरं छपाई सुबक दिसावी म्हणून टाइप करतानाच सरळ चिन्हाचं वाकडं करून टाकतात. माणसाला दोन्ही सारखीच. कंपायलरला मात्र फक्त सरळ चिन्ह कळतं. वाकडं चिन्ह मशीनमध्ये तीन बाइटचं साठवलेलं असतं, आणि तुमच्याकडच्या आवृत्तीने त्या प्रत्येक बाइटची वेगळी तक्रार केली: 'स्ट्रे \३४२ इन प्रोग्राम', मग २००, मग २३४. दोन चिन्हांचे मिळून सहा एरर. शिवाय अवतरणचिन्ह ओळखू न आल्यामुळे आतले शब्द त्याला व्हेरिएबल (किंमत साठवायची नावं) वाटले. 'नग' मधलं पहिलं अक्षर तिथे मोठ्या लिपीतलं होतं, म्हणून त्याने 'हे माहीत नाही, तुम्हाला छोट्या अक्षरांतला नग म्हणायचाय का' असंही विचारलं. त्यानंतर 'किती'च्या आधी कंस हवा होता असा आणखी एक एरर. झाले आठ. चार आणि आठ बारा.

'तुम्हाला हे म्हणायचंय का' अशी सूचना जीसीसी देतो ती अंदाजाने. जवळचं स्पेलिंग शोधून देतो, एवढंच. पुष्कळदा ती अचूक असते, इथे ती साफ चुकीच्या वाटेने नेणारी होती. 'स्ट्रे' हा शब्द आणि ३४२ आकडा दिसला की मात्र डोळे मिटून समजा, कुठून तरी कॉपी केलेलं आहे. ती ओळ पूर्ण पुसा आणि हाताने टाइप करा. नोट्समधला कोड कॉपी करूच नका असं मी म्हणेन. शिकण्याच्या काळात बोटांनी टाइप केलेलंच डोक्यात राहतं.

तुम्ही रोज हिशेब करता, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. महिनाअखेरीला खतावणीची बेरीज जुळत नाही तेव्हा फरक दिसतो पानाच्या तळाशी, पण चुकीची नोंद असते वर कुठेतरी. तेव्हा तुम्ही तळाची बेरीज खोडून जुळवत नाही, आणि मधल्याच एखाद्या नोंदीत दहा रुपये वाढवून बघू असंही करत नाही. वरून एकेक नोंद ताडत येता. एररच्या बाबतीत तुम्ही नेमकं उलटं केलंत. तळाशी दिसलेल्या बाराव्या एररपासून सुरुवात केली आणि अंदाजाने कंस घालत गेलात. अशा प्रत्येक घातलेल्या कंसाने एक नवी खरी चूक तयार झाली. विसाच्या वरचे ते एरर मात्र खरोखर वाढलेले होते.

तर सी शिकताना कायम पहिला एरर वाचायचा, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. स्क्रीन भरून गेली तर माऊसने वर जा. ते नको असेल तर कंपाइल करताना कमांडमध्ये वजाचं चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि लगेच जोडून 'फेटल-एरर्स' लिहा. मग जीसीसी पहिल्याच एररला थांबतो आणि एकच दाखवतो. घाबरणाऱ्या माणसासाठी याच्याइतका उपयोगी पर्याय दुसरा नाही. एररमधल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा. एक बदल करा, फाइल सेव्ह करा, पुन्हा कंपाइल करा. सेव्ह करायचं विसरलात तर कंपायलर जुनीच फाइल वाचतो आणि तोच एरर परत देतो, आणि माणूस बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची समजतो. तसंच, कंपाइल फसलं तरी आधीचा तयार झालेला प्रोग्राम फोल्डरमध्ये तसाच पडून असतो. एररकडे न बघता तो चालवला तर जुनंच उत्तर दिसतं. 'बदल केला तरी काहीच फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं उत्तर या दोन गोष्टींत असतं.

आणि सोळा ओळी लिहून मग कंपाइल करू नका. आधी फक्त 'मेन' आणि दोन महिरपी कंस लिहा, कंपाइल करा. व्हेरिएबल्स लिहा, कंपाइल करा. मग एक 'प्रिंटएफ'. एरर आला तर तो आत्ताच लिहिलेल्या दोन-तीन ओळींत किंवा त्यांच्या जोडणीत असणार. महिरप उघडली की आत काही लिहायच्या आधी मिटणारीही टाइप करून ठेवा. ती राहिली तर 'ॲट एंड ऑफ इनपुट' असा एरर येतो आणि आकडा फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीचा असतो, त्यावरून काहीच शोधता येत नाही.

आता तुमच्या इंग्रजीबद्दल. पत्रातला हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही त्याला सगळ्यात मोठं कारण मानून बसला आहात. तुमच्या घरी तेलुगू, कामावर मराठी, शेजारी कन्नड बोलणारे आणि बाजारात हिंदी किंवा उर्दू. सोलापूरचं माणूस लहानपणापासून असंच जगतं. कारागिराशी दराची घासाघीस करताना यातली कुठली भाषा तुम्ही व्याकरण शिकून वापरता? कंपायलरचं इंग्रजी तर याहून खूप सोपं आहे. ती मोजकी ठरीव वाक्यं आहेत, माणसांनीच लिहून ठेवलेली, आणि तीच पुन्हा पुन्हा येतात. नवशिक्याला भेटणारी वाक्यं एका पानावर मावतील. 'एक्स्पेक्टेड अमुक बिफोर तमुक' म्हणजे तमुकच्या आधी अमुक राहिलंय. 'अनडिक्लेअर्ड' म्हणजे हे नाव आधी जाहीर केलेलं नाही. त्यात स्पेलिंग चुकलेलं असतं, लहान-मोठं अक्षर बदललेलं असतं, किंवा तुमच्यासारखं वरची ओळ मोडलेली असते. 'टू फ्यू आर्ग्युमेंट्स' म्हणजे फंक्शनला (ठरलेलं एक काम करून देणारा कोड) हव्या तितक्या किमती दिल्या नाहीत. 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणजे एकाच गोष्टीची दोन ठिकाणी दोन वेगळी ओळख करून दिलीत. एक वही करा. डावीकडे संदेश जसाच्या तसा, उजवीकडे तो का आला आणि काय केल्यावर गेला, तेलुगूत किंवा मराठीत, ज्यात मनात येईल त्यात. फाड्फाड् इंग्रजी बोलणारी मुलंही हे संदेश न वाचताच खिडकी बंद करतात, हे मी लॅबमध्ये खूप पाहिलंय. कमी पडतं ते वाचण्याचं धैर्य, आणि ते वहीने येतं.

संदेशाच्या सुरुवातीला जे असतं तेही वाचायची सवय लावा. आधी फाइलचं नाव, मग ओळ, मग त्या ओळीतलं कितवं अक्षर, मग एरर की वॉर्निंग. खाली ती ओळ छापून तिच्याखाली बाणासारखी खूण असते. ही खूण जीसीसीत २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून आली. त्याआधी शिकलेल्यांना नुसत्या आकड्यांवरून शोधावं लागायचं.

दोन्ही चुका काढल्यावर तुमच्यापुढे आणखी एक वेगळ्या जातीचा एरर आला असता: 'अनडिफाइंड रेफरन्स टू क्लियर-स्क्रीन', आणि शेवटी 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. हा कंपायलरचा नाही, प्रोग्रामचे तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकरचा. तुमचं लिखाण तपासून झालं, ते बरोबर निघालं. आता तुम्ही ज्या फंक्शनला हाक मारताय ते प्रत्यक्षात कुठेच सापडत नाही, असं तो म्हणतो. इथे कंस-सेमिकोलन शोधायला जाऊ नका. फंक्शनचं नाव तपासा, किंवा ते या मशीनवर आहे का ते बघा. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ पासून ओळख करून न दिलेलं फंक्शन वापरलं तर कंपायलरच एरर देऊन अडवतो, आधी तो नुसती वॉर्निंग देऊन पुढे जाऊ द्यायचा. म्हणून क्लासच्या मशीनवर आणि घरी वेगवेगळं दिसलं तर गोंधळून जाऊ नका, आवृत्ती वेगळी असते.

वॉर्निंगला तुम्ही 'ते चालतं' म्हणून सोडून देता असं फोटोंवरून दिसतंय. ते थांबवा. नवव्या ओळीत 'स्कॅनएफ' (टाइप केलेली किंमत वाचून घेणारं फंक्शन) मध्ये 'नग'च्या आधी & हे चिन्ह नाही. 'स्कॅनएफ'ला किंमत नको असते, किंमत कुठे ठेवायची तो पत्ता हवा असतो, आणि & तो पत्ता देतं. ते नसलं तरी प्रोग्राम कंपाइल होतो. चालवलात, १२० टाकलेत की बहुतेक वेळा 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून कोसळतो, ना ओळ सांगत ना कारण. पण कंपाइल करतानाच कंपायलर सांगत होता की इथे 'इंट *' हवं होतं आणि तुम्ही 'इंट' दिलंय. आजपासून कमांडमध्ये वजाचं चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि 'ऑल' हे जोडून लिहिल्याशिवाय एकही प्रोग्राम कंपाइल करू नका, आणि सगळ्या वॉर्निंग संपल्याशिवाय तो चालवू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दिरांनी दुरुस्त करून दिलेला प्रोग्राम मी पाहिला. सेमिकोलन घातलाय, अवतरणचिन्हं सरळ केलीत, 'क्लियर-स्क्रीन' गाळलंय, & घातलाय. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. आणि तो चुकीची मजुरी काढतो.

तेरावी ओळ बघा: बोनस = मजुरी * (५/१००). पाच टक्के बोनस, तुम्ही अगदी कागदावर लिहाल तसंच लिहिलंय. पण सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, अपूर्णांक कापला जातो. ५ भागिले १०० म्हणजे ०.०५, त्यातला पूर्णांक शून्य. मजुरी कितीही असो, बोनस शून्य. १२० नग, दर १५ रुपये. मजुरी १,८०० आणि बोनस ९० मिळून १,८९० यायला हवेत. प्रोग्राम १,८०० छापतो. तुमच्या दिरांना मी दोष देत नाही. त्यांना 'चालू करून द्या' असं सांगितलं होतं, ते त्यांनी केलं. नग आणि दर म्हणजे काय, बोनस किती यायला हवा, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. कंपायलरलाही नाही. एरर येतो तेव्हा तो निदान सांगतो तरी. हा शून्य कोणीच सांगणार नव्हतं, आणि एखाद्या शिलाई करणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याला नव्वद रुपये कमी पडले असते.

दुरुस्ती सोपी आहे. कंस काढून 'मजुरी * ५ / १००' असं लिहा. आधी गुणाकार होतो, ९,००० भागिले १००, बरोबर ९०. पण १२१ नग झाले तर मजुरी १,८१५ आणि बोनस ९० रुपये ७५ पैसे. पूर्णांकात ते ७५ पैसे जातात. तेव्हा एक तर 'बोनस' 'डबल' (अपूर्णांक ठेवणाऱ्या) प्रकारचा करा, ५ ऐवजी ५.० लिहा आणि छापताना '%डी' च्या जागी '%.२एफ' वापरा, किंवा सगळा हिशेब पैशांत ठेवा आणि शेवटी रुपये करा. पैशांचा हिशेब मला स्वतःला पूर्णांकात, पैशांतच ठेवलेला आवडतो. कोणताही प्रोग्राम चालू झाला की कागदावर आधी काढून ठेवलेल्या दोन-तीन उत्तरांशी ताडून बघा. एक साधं उदाहरण, एक आडनिडं, एक शून्य नगांचं. हे तुम्ही कोणत्याही इंजिनिअरपेक्षा चांगलं कराल, कारण आकडा चुकीचा वाटला की तो खटकणं हे तुमचं रोजचं काम आहे.

दिरांशी बोलताना एक बदल करा. लॅपटॉपचा ताबा देऊ नका. त्यांना म्हणा, 'भाऊजी, मी पहिला एरर वाचून दाखवते आणि मला काय वाटतं ते सांगते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा.' दोन मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं होईल, पण पुढच्या वेळी तोच एरर घेऊन फोन करावा लागणार नाही. विचारायचा संकोचही आपोआप जाईल, कारण तुम्ही काम करून मागत नाही, केलेलं तपासून मागताय.

एआयचं तसंच. वापरा, जरूर वापरा, पण वहीत स्वतःचा अंदाज लिहून झाल्यावर. आणि 'दुरुस्त करून दे' असं म्हणू नका. 'हा पहिला एरर आहे, याचा अर्थ मराठीत समजाव, दुरुस्त केलेला कोड देऊ नकोस' असं लिहा. दिलेलं उत्तर प्रत्यक्ष कंपाइल करून बघितल्याशिवाय खरं मानू नका. आणि कारखान्यातल्या कारागिरांची खरी नावं, उचल, पगार असलेली फाइल त्यात कधीही टाकू नका. उदाहरणाला खोटी नावं घ्या.

पायथनमध्ये एरर येत नाहीत हे खरं नाही. तिथेही सिंटॅक्स एरर, नेम एरर असतात, आणि ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली तर इंडेंटेशन एरर येतो. फरक असा, की नाव चुकल्यासारख्या चुका सी कंपाइल करतानाच दाखवतं, तर पायथनमध्ये प्रोग्राम चालता चालता त्या ओळीवर पोचल्यावर कळतात. ती ओळ महिनाभर चाललीच नाही तर महिनाभर कळत नाहीत. आणि तिथे वाचायची पद्धत उलटी आहे: लांबलचक ट्रेसबॅकची (एरर कुठून कुठे आला ते सांगणारा मजकूर) सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची. तुमचं काम बघता, म्हणजे एक्सेलच्या फाइली, हजेरी, मजुरी, पायथन तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे. ५ भागिले १०० तिथे ०.०५ च येतं. पण या बारा एररना कंटाळून उठू नका. क्लासची फी भरलीच आहे, तर ॲरे (एकाच नावाखाली अनेक किमतींची रांग) आणि फंक्शनपर्यंत सी पूर्ण करा, मग खुशाल पायथनकडे जा. सेमिकोलन शोधायला शिकलेली नजर तिथेही कामाला येते.

मिस्टरांना हा प्रोग्राम चालवून दाखवा. बोनसची ओळ आधी जशी होती तशी, मग दुरुस्त केलेली, शेजारी कागदावरचा हिशेब. झेपतंय की नाही यावर बोलण्यापेक्षा ते बरं.

पुढचा प्रोग्राम दहा कारागिरांचा करा: प्रत्येकीचे नग, दर आणि घेतलेली उचल वजा करून हातात पडणारी रक्कम. ॲरे लागेल. उचल मजुरीपेक्षा जास्त असेल तर काय छापायचं, ते आधी कागदावर ठरवा. अडलात तर मला पूर्ण स्क्रीनचा फोटो नको, पहिला एरर, तो ज्या ओळीचा आकडा दाखवतो ती ओळ, तिच्या वरची ओळ आणि तुमचा अंदाज एवढं लिहून पाठवा.